आवाजाला तीन गुण

‘स्वयंपाकीण ते तीन वेळा बोलते. तुम्ही तिच्याजवळ थांबला नव्हतात का?’ एवढंच लिहिलेलं होतं. इंग्रजीत, नम्रपणे. राकेश गमरेनं ते सकाळी दहाच्या चहाला, बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर वाचलं. वाचून त्याला काही वाटलं नाही. त्यानं चहा संपवला, कप बाकाखाली ठेवला आणि पुन्हा वाचलं. थांबला नव्हतात का. तो थांबला होता. खेळात चांगला अर्धा तास थांबला होता. तिच्या मागे, धान्याच्या पोत्यांच्या सावलीत, हात लांबवला तर तिच्या पाठीला लागेल इतक्या अंतरावर. ती चुलीपाशी उभी होती, मग टेबलापाशी गेली, मग परत चुलीपाशी आली. एक अक्षर बोलली नव्हती. इथं कारखान्यात समोर बर्फाच्या लाद्या क्रशरमध्ये पडत होत्या, टेम्पो मागे येत होता, आणि कुणीतरी त्याचा खांदा हलवत होतं. भिकाजी होता, त्याच्याच पाळीतला. ‘कवापासून हाका मारतंय तुला,’ भिकाजी म्हणाला. ‘डावा कान विकलास काय?’ राकेश हसला. भिकाजीही हसला. दोघं आत गेले.

ते मिशन होतं नदीकाठच्या एका गिरणीवाल्याच्या घराचं. पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर चोराचा एक खेळ निघाला होता. त्यात मारामारी जवळजवळ नाही; अंधारात उभं राहायचं, कान द्यायचा, पहारेकरी लांब गेला की पुढं सरकायचं. तो काढणारी कंपनी केव्हाच बंद पडली. पण जगात काही शे माणसं अशी आहेत की जी अजून त्या खेळात नवी घरं बांधतात, गल्ल्या, तळघरं, देवळं बांधतात, आणि एका संकेतस्थळावर फुकट ठेवून देतात. एकेका घराला ते मिशन म्हणतात. दुसरे काही जण ती खेळतात. त्यातले थोडे जण खेळून झाल्यावर परीक्षण लिहितात. राकेशनं दोनशे अकरा मिशनं खेळली होती आणि प्रत्येकावर लिहिलं होतं. तिथं त्याचं नाव ‘जांभा’ होतं. एका अमेरिकन माणसानं एकदा त्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा त्यानं चिरेखाणीतल्या तांबड्या भिंतीचा फोटो पाठवला होता. त्यापलीकडे त्याच्याविषयी कुणी काही विचारलं नव्हतं, आणि ते त्याला बरं वाटायचं. तिथं तो बर्फाच्या कारखान्यातला ऑपरेटर नव्हता, कुणाचा नवरा नव्हता. तो फक्त एक मत होता. रचनेला इतके, प्रकाशाला इतके, आवाजाला इतके.

गिरणीवाल्याचं घर हंगेरीतल्या एका निवृत्त शाळामास्तरानं तीन वर्षं खपून बांधलं होतं; सकाळचा प्रश्न त्याचाच होता. राकेशनं लिहिलं होतं: रचना आठ, प्रकाश नऊ, आवाज तीन. घर सुंदर आहे, पण मुकं आहे. तिजोरीची किल्ली पिठाच्या डब्यात आहे, आणि ती तिथं आहे हे खेळणाऱ्याला कळायला काही मार्गच ठेवलेला नाही. मला शेवटी लबाडी करून भिंतींतून जावं लागलं. हा अन्याय आहे. ‘अन्याय’ हा शब्द लिहिताना त्याला जरा बरं वाटलं होतं, हेही त्याला आता आठवलं.

दोन वाजता पाळी सुटली. नाचणे भागातल्या घरी येऊन तो जेवला, ताट घासून ठेवलं, आणि आतल्या खोलीचा पडदा ओढून बसला. ही खोली त्याची होती. टेबल, संगणक, एक लोखंडी कॉट, कॉटवर इस्त्रीचे कपडे आणि जुन्या सीडींचे खोके. दुपारी तीनच्या उन्हात तो पडदा ओढायचा आणि एका परक्या शहराच्या अंधारात जाऊन उभा राहायचा, हे त्याचं गेल्या कित्येक वर्षांचं चाललेलं होतं. आम्रपाली हातखंब्याच्या पुढच्या एका शाळेत शिकवायची, साडेपाचला यायची. तिला ह्या खेळाचं काही नव्हतं. लग्न झालं तेव्हा तिनं एकदा विचारलं होतं, ‘पण तुम्ही त्यात करता काय?’ आणि तो म्हणाला होता, ‘ऐकतो.’ ते खोटं नव्हतं. गालिच्यावरचं पाऊल कसं वाजतं, फरशीवरचं कसं, लोखंडी जाळीवरचं कसं, गवतातलं कसं. डोळे मिटूनसुद्धा तो सांगू शकायचा की पहारेकरी किती पावलांवर आहे आणि वळणार आहे की नाही. पुढं त्याला रस्त्यानंही तसंच चालायची सवय लागली होती. मांडवीच्या रस्त्यावर वाळू कुठं सुरू होते ते चपलेखालून आधी कळायचं.

तो पुन्हा पोत्यांमागे जाऊन उभा राहिला. स्वयंपाकीण चुलीपाशी. त्या जुन्या खेळातल्या माणसांचे ओठ हलत नाहीत, त्यामुळे बघून काही कळण्यासारखं नव्हतं. त्यानं आवाज वाढवला. जाळाचा घुमता आवाज आला. वरच्या मजल्यावर पहारेकऱ्याचे बूट दगडावर पडत होते, तेही आले. आवाज शेवटपर्यंत नेला. बूट कवटीत वाजू लागले. बाई टेबलापाशी गेली, परत आली. त्याच्या कानात नेहमीची किरकिर होती, ती तेवढी होती. ती किरकिर त्याला कारखान्याचीच वाटायची; माशाचा वास जसा अंगाबरोबर घरी येतो तशी तीही येते, असं त्यानं धरून ठेवलं होतं. वीस मिनिटं तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. तिच्या ऍप्रनची गाठ मास्तरानं फार मनापासून काढली होती.

आम्रपाली आली, तिनं पर्स खुंटीला लावली, पाय धुतले. तो दारात जाऊन म्हणाला, ‘जरा इकडे ये. हे कानाला लाव.’ ती ओल्या पायांनी आली. केर काढण्यापलीकडे ती त्या खोलीत येत नसे. खुर्चीच्या कडेवर बसून तिनं हेडफोन लावला आणि लगेच दोन्ही हातांनी ओढून काढला.

‘केवढ्यानं लावलंयत! कान फुटेल माणसाचा.’

‘बाई काय बोलतेय?’

तिनं एकच बाजू कानापासून जरा लांब धरली. ‘इंग्रजी आहे. कुरकुर करतेय काहीतरी. मालकाला अक्कल नाही... किल्ली कुणी पिठात ठेवतं का, भाकरीत गेली म्हणजे...’ आम्रपाली थांबली. ‘परत तेच म्हणतेय. पिठाच्या डब्यात. स्पष्ट बोलतेय की.’ मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. हेडफोन टेबलावर ठेवून ती उठली. ‘चहा टाकते,’ म्हणाली. म्हणाली असावी. तिची पाठ वळली होती, आणि पाठ वळली की तिचं बोलणं तो अंदाजानंच धरायचा, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं. तोवर तो त्याला ऐकणंच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं खेळ लावला नाही. आपली परीक्षणं काढून पहिल्यापासून वाचत बसला. वाचताना ती दुसऱ्या कुणाची असावीत असं वाटत होतं. चौदा वर्षांपूर्वीचं पहिलं: बागेतल्या रातकिड्यांविषयी अख्खा परिच्छेद होता, चोर जवळ गेला की किडे गप्प होतात आणि तेवढ्यावरून पहारेकऱ्याला संशय येतो, काय सुरेख सुचलंय. पुढची चार-पाच वर्षं किडे, पाण्याचे थेंब, कमरेच्या किल्ल्यांचा खुळखुळाट. आवाजाला आठ, नऊ, एकदा दहा. नंतर किडे गेले. ते कधी गेले ह्याची नोंद कुठंच नव्हती, फक्त एका वर्षापासून पुढं ते नव्हते. मग एक वाक्य: ‘हल्ली लोक किल्ल्यांचा आवाज घालायचा कंटाळा करतात.’ मग: ‘दोघी मोलकरणींचं बोलणं अस्पष्ट, ध्वनिमुद्रण वाईट.’ मग: ‘पहारेकरी सूचना न देता अंगावर येतात.’ सहा, पाच, पाच, चार. एका पोलिश मुलीचं पहिलंच मिशन होतं, त्याला त्यानं दोन दिले होते आणि लिहिलं होतं की तुम्हाला ऐकण्याचं महत्त्वच कळलेलं नाही. त्या मुलीनं पुढं काही केलेलं दिसलं नाही. ह्या सगळ्यावर लोकांनी ‘जांभाचं बरोबर आहे, पूर्वीसारखी मजा राहिली नाही’ असंही लिहिलं होतं. तो वाचत गेला. वाईट वाटायला हवं हे त्याला कळत होतं. पण लाद्या काढताना हात बर्फाला लागून राहिला की थोड्या वेळानं तो आपला वाटत नाही, तसं ते कळणं होतं. खिडकीबाहेर रिक्षा वळत होती. ती ऐकू येत होती. जड आवाज सगळे येत होते. जगाचा फक्त बारीक भाग गेला होता, आणि गेलेला दिसत नव्हता.

शनिवारी तो मारुती मंदिरच्या पुढच्या एका कानाच्या दवाखान्यात गेला. तपासणारी मुलगी पंचविशीची होती, छातीवर तेजल असं नाव. तिनं त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. ‘आवाज आला की दाबा, सर. बारीक आला तरी दाबा. अंदाजानं नका दाबू.’ दार लागलं. इतकी शांतता त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. फक्त ती किरकिर, आणि काचेपलीकडे तेजलचा वाकलेला भांग. थांबण्यात तो पटाईत होता. त्यानं श्वास धरला. घूं आला, दाबलं. घूं, दाबलं. मग बराच वेळ काही नाही. तेजलचं बोट यंत्रावर वळत होतं, ती त्याच्याकडे बघत होती, परत बोट वळत होतं, म्हणजे ती आवाज पाठवत होती. एकामागून एक. ते ह्या खोलीत येत होते, त्याच्या कानात जात होते, आणि तो बटणावर अंगठा ठेवून सभ्यपणे बसला होता. एकदा नुसत्या तिच्या तोंडाकडे बघून त्याला दाबावंसं वाटलं. दाबलं नाही.

‘मशीनवर काम करता का?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘एकोणीस वर्षं. कॉम्प्रेसर.’

‘कानात काही घालता?’

‘कापूस. कधी कधी.’

त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून सरळ येऊन मग ती कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. पातळ आवाज, बायकांचे, मुलांचे. स, श, फ, ख. डावा कान जास्त गेलाय. हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही, यंत्र लावता येईल, उपयोग होईल. ‘कधीपासून असेल, काही अंदाज?’ राकेशला अंदाज नव्हता, तारखा होत्या. पण तो म्हणाला, ‘सात-आठ वर्षं.’

घरी येऊन त्यानं हंगेरीच्या मास्तराला लिहिलं. मी स्वयंपाकिणीजवळ थांबलो होतो. मला ऐकू येत नाही, हे मला माहीत नव्हतं. माझ्या पत्नीनं ऐकलं. ती म्हणते स्पष्ट आहे. माझं परीक्षण मी काढून टाकतो आहे. तासाभरात उत्तर आलं. मास्तरानं लिहिलं होतं की त्यांना वाईट वाटलं; की परीक्षण काढू नका, फक्त खाली हे लिहा; की पुढच्या आठवड्यात ते स्वयंपाकिणीचं बोलणं पडद्यावर अक्षरांत दिसेल अशी सोय करतील. ‘सोपं आहे, मला आधीच सुचायला हवं होतं.’ राकेशनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि संगणक बंद केला. इतक्या लांबच्या माणसानं इतकं चांगलं वागू नये असं त्याला वाटलं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यानं कागद आम्रपालीपुढं ठेवला. ती वर्गातल्या वह्या तपासत होती. तिनं पेनचं टोपण लावलं, कागद उचलला, रेघेवरून बोट फिरवलं. तो तिला समजावून सांगू लागला, पातळ आवाज, डावा कान. पण ती ऐकत नव्हती. ‘कधीपासून?’ तिनं विचारलं.

‘सात-आठ वर्षं म्हणतात.’

‘म्हणजे पूर आला तेव्हा होतं.’

‘कुठला पूर?’

‘चिपळूणचा.’ ती कागदाकडेच बघत होती. मग मान वर करून, त्याच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत बोलू लागली, आणि तिचा हा नवा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता. ‘पुराच्या पुढच्या वर्षी. मे महिना. रविवारची दुपार. तुम्ही पलंगावर पडला होतात, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. झोपला नव्हतात, डोळे उघडे होते. मी मागं बसले होते. मी विचारलं, आईला इकडे आणू या का. पाऊस लागायच्या आत. आतल्या खोलीत राहील, म्हटलं. तोंडावर विचारायचा धीर होत नव्हता म्हणून पाठीमागून विचारलं.’

‘मला...’

‘थांबा. तुम्ही काही बोलला नाहीत. मी वाट बघितली. मग तुम्ही उठलात, आतल्या खोलीत गेलात आणि ते लावलंत.’ तिनं आतल्या दाराकडे हात केला. ‘मला वाटलं, हे उत्तर.’

सुंदराबाई, तिची आई, वाशिष्ठीच्या काठच्या वाडीत एकटी राहायची. पुरात घरात छातीभर पाणी शिरलं होतं. राकेशनं स्वतः दोन दिवस जाऊन चिखल उपसला होता. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर तेवढी पाण्याच्या वर राहिली होती. ‘मी आपली हितंच बरी,’ असं म्हातारी तेव्हा म्हणाली होती, आणि त्यानं ते खरं धरलं होतं. खरं धरणं सोयीचं होतं. त्या मे महिन्यानंतरच्या ऑगस्टमध्ये ती मागीलदारी शेवाळावरून पडली. रात्रभर पडून होती. सकाळी शेजारच्या मालननं पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना चालली असता तो आम्रपालीच्या शेजारी हात जोडून उभा होता. दोघांत एक वीतभर जागा तिनं ठेवली होती. ती तेव्हापासून तशीच होती. त्यानं त्या जागेला दुःख असं नाव दिलं होतं, आणि दुःखाला वेळ द्यावा लागतो म्हणून तो आतल्या खोलीत जाऊन बसत होता.

‘एकदा तरी विचारायचंस,’ तो म्हणाला. ‘परत.’

‘कशाला? उत्तर मिळालं होतं ना मला.’ तिनं कागदाची घडी केली, परत उलगडली. ‘रोज सकाळी तुमचा डबा भरताना मला ते आठवायचं. भाजी घालायची, झाकण लावायचं, आणि मनात म्हणायचं, ह्या माणसानं माझ्या आईला नाही म्हटलं. तोंडानंसुद्धा नाही, नुसता उठून गेला. तीन वर्षं. त्याच्यावरच चालले होते मी. एस्टीत बसले तरी तेच, वर्गात फळ्यावर लिहिताना तेच. आता ह्या कागदावर लिहिलंय की तुम्ही काही केलंच नाहीत.’ तिचे डोळे कोरडे होते. ‘मग मी आता काय करू त्याचं? कुणावर रागावू? त्या मशीनवर?’

त्याला तिच्याजवळ जावंसं वाटलं, म्हणजे जावंसं वाटायला हवं हे सुचलं. तो बसून राहिला. वहीवर कुणीतरी लहान मुलानं होडी काढली होती, समुद्राला निळा रंग पुरला नव्हता.

‘एक सांगा,’ आम्रपाली म्हणाली. ‘ऐकलं असतंत तर काय म्हणाला असतात?’

प्रत्येक शब्द त्याला ऐकू आला. ट्यूबच्या उजेडात, समोरासमोर, इतकं नीट गेल्या कित्येक वर्षांत त्याला कुणाचं ऐकू आलं नव्हतं. तो आत डोकावला. तिथं ती खोली होती, पडदा ओढलेली, आणि लोखंडी कॉटवर म्हातारी बसलेली, दुपारी तीन वाजता, खोकत, ‘काय बघतोस रे जावया त्यात?’ विचारत. तो ‘बघू’ म्हणाला असता. मग पाऊस लागू दिला असता. मग म्हणाला असता, तिसरा मजला आहे, तिला जिना कसा जमेल. उत्तर इतकं तयार होतं की ते आजचं असणं शक्य नव्हतं. आणि गप्प बसण्याची मुभा आज त्याच्याकडे होती, डॉक्टरांच्या सहीची. आज त्याच्या गप्प बसण्याला कुणी काही म्हणणार नव्हतं.

तो बोलत नाही हे बघून आम्रपालीला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. ती उठली. वह्यांना वळसा घालून आली, त्याच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाकडे, अगदी लागून बसली. तिच्या साडीला खडूचा वास होता. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, शाळेत पहिलीच्या मुलाला सांगावं तसं, सावकाश आणि मोठ्यानं, तिनं पुन्हा विचारलं, ‘मी म्हटलं, ऐकलं असतंत तर काय म्हणाला असतात?’

‘नाही म्हणालो असतो,’ राकेश म्हणाला. ‘त्या खोलीसाठी.’

बोलून झाल्यावर आपण किती मोठ्यानं बोललो ते त्याला कळेना. जिन्यात कुणाचं तरी दार उघडलं असावं, किंवा नसावं. आम्रपाली हलली नाही. त्याच्या दंडाला लागलेला तिचा दंड तसाच होता. थोड्या वेळानं तिनं बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

‘हळू,’ ती म्हणाली. ‘जरा हळू बोला.’